रणगाड्यावरचं धुणं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना गैरसमज नको. माझ्या रणगाड्यावर धुणं वाळत घातलेलं आहे. एक बनियन, एक टॉवेल आणि एक निळ्या पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. कुणी सांगितलं म्हणून मी ते काढलेलं नाही आणि काढणारही नाही. ज्यांना बघवत नाही त्यांनी खुशाल दुसरीकडं बघावं. बघायला लई गोष्टी आहेत जगात.

रणगाडा म्हणजे काही खरा नाही. वीतभर लांब, प्लास्टिकचा. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. पण चाकं, पट्टे, तोफ, झाकणं, बाजूला अडकवलेली कुदळ-फावडी, सगळं जिथल्या तिथं. आणि तो आयता विकत आणलेला नाही. शेकडो तुकडे जोडून, घासून, रंगवून मी स्वतः केलेला आहे. मी म्हणजे कोण, तर नांदेडला लेका-सुनेच्या घरात राहणारी, सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचं जे काही शिकले ते चुलीपुढं, आणि आता खिडकीपुढं.

धुण्याची गोष्ट किनवटपासून सुरू होते. मालक लवकर गेले. निलंग्याकडचं शेत दिराच्या हवाली केलं, लेकराला घेतलं आणि किनवट भागातल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. चहूकडं जंगल, आणि मागच्या अंगाला रेल्वेचं लहानसं स्टेशन. रूळ रुंद झाले त्याच्या नंतरची ही गोष्ट. एके दिवशी पोरींची सकाळची जेवणं उरकून मी आणि माझ्या जोडीची बाई भांडी घासत बसलो होतो. तेवढ्यात एक मालगाडी आली आणि थांबली. थांबली ती थांबलीच. उघड्या डब्यांवर एकामागं एक रणगाडे. बाकीच्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या, एकच उघडा.

"चल, बघून येऊ," मी म्हटलं.

"काहून? गोळी घातली म्हंजे?" जोडीदारीण म्हणाली.

"भांडी घासणाऱ्या बाईवर कोण गोळी वाया घालवतंय? ऊठ."

गेलो. त्या उघड्या रणगाड्यावर तीन-चार जवान बसले होते. तोफेच्या नळीपासून मागच्या झाकणाच्या कडीपर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर ओले कपडे. स्टेशनच्या नळावर धुवून आणले असतील. एक जण लोखंडी झाकण पालथं करून त्यावर कांदा चिरत होता. झाकण केवढं, तर आमच्या परातीएवढं. त्यानं आम्हाला बघून विचारलं, "माताजी, हरी मिर्च मिलेगी?"

मिरची मागावी आणि आम्ही नाही म्हणावं, असं कधी झालंय? धावत गेले. मिरच्या आणल्या, दहा-बारा ज्वारीच्या भाकरी आणल्या आणि कारळाची चटणी दस्तीत बांधून आणली. एकानं चटणीची चिमूट तोंडात टाकली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "ये तो गोला-बारूद है!" असं तो म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. तेवढ्यात दुसऱ्या एका पोराच्या ध्यानात आलं की, दोरीवर त्याची चड्डी आहे आणि खाली दोन बाया उभ्या आहेत. निळ्या पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. त्यानं लाजून टॉवेल त्या चड्डीवर ओढला. लोखंडाच्या एवढ्या धुडावर बसलेला गडी, आणि चड्डीला लाजतो!

मी म्हटलं, "राहू दे रे लेकरा, वाळू दे तिला. झाकून ठेवलीस तर कुबट वास येईल." त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यानं टॉवेल बाजूला केला.

आणखी एक गोष्ट मला पक्की आठवते. पट्ट्यांच्या सांदीत माती वाळून बसली होती. फिकी, पिठासारखी. मी बोट लावून बघितलं. आपल्याकडची नव्हती. कुठल्या तरी लांबच्या मुलखातून ती त्यांच्याबरोबर आली होती. मग शिट्टी झाली, गाडी हलली आणि ते कपडे वाऱ्यावर फडफडत जंगलात दिसेनासे झाले.

त्या दिवसापर्यंत रणगाडा म्हणजे सव्वीस जानेवारीला टीव्हीवर दिसतो तेवढाच मला माहीत होता. धुतलेला, चकचकीत, सलाम ठोकत जाणारा. त्यात माणसं राहतात, त्यांना कांद्याबरोबर मिरची लागते, त्यांचे कपडे ओले असतात, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. वर्षानुवर्षं ती दोरी माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

नोकरी संपली आणि मी नांदेडला लेकाकडं आले. सून रेल्वेच्या ऑफिसात, लेक त्याच्या कामावर. दिवसभर मी आणि पंखा. एकदा सुनेनं कुणाच्या तरी वाढदिवसाला द्यायला म्हणून फोनवरून एक खेळणं मागवलं. तिला वाटलं, तयार रणगाडा येईल. आला तो डबा उघडला तर आत नुसत्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना बोरीच्या फांदीला बोरं लागावीत तसे तुकडेच तुकडे. काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. सून कपाळाला हात लावून बसली. परत पाठवायचे दिवसही निघून गेले. डबा कपाटावर गेला.

आठ दिवसांनी मी तो खाली काढला. आत एक पुस्तक होतं, त्यात अक्षरं थोडी आणि चित्रं जास्त. मला तेवढंच पाहिजे होतं. चित्रातल्या तुकड्याला आकडा, चौकटीतल्या तुकड्याला तोच आकडा. वसतिगृहात शंभर पोरींचा स्वयंपाक मी कधी पुस्तकात बघून केला नव्हता, हे तर बघून करायचं होतं. नेलकटरनं तुकडे तोडले, काचकागदानं कडा घासल्या, भुवया उपटायचा सुनेचा चिमटा घेतला. दोन दिवस ती चिमटा हुडकत होती.

पहिला रणगाडा बिघडला. खोटं कशाला बोलू? गोंद बक्कळ लावला, चाकं जाम झाली, तोफ जमिनीकडं बघायला लागली. सुनेला सांगून आणखी दोन डबे आणि रंग-ब्रश मागवले. दुसऱ्याला रंग जाड बसला, भज्याच्या पिठात बुडवल्यासारखा. तिसऱ्याच्या वेळी हात बसला. मग कळलं की, आधी गडद रंगाचा पातळ हात द्यायचा, त्यावर हिरवा, आणि मधोमध थोडा फिका, म्हणजे उन्हात उभा असल्यासारखा दिसतो. कडेच्या खाचांतून काळपट पाणी सोडायचं, डोळ्यांत काजळ घालतात तसं. शेवटी ब्रश कापडावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. हात जड पडला की सगळं गेलं. माझ्या बापाला मुलगा नव्हता, त्यामुळं पोळ्याला बैलांची शिंगं मी रंगवायची. बैल मान हलवतो, तरी रेघ वाकडी जाऊ द्यायची नाही. रणगाडा तर बिचारा हलतही नाही.

पण लोकांचं तोंड कोण धरणार! आमच्या भजनाच्या बायांना खबर लागली.

"आत्याबाई रणगाडे करून राहिल्यात म्हणं!" एक म्हणाली.

दुसरी म्हणाली, "या वयात? लढाई कुणासंगं हाय, बाई?"

"तुमच्यासंगंच," मी म्हटलं. "उद्यापासून जी भजनाला उशिरा येईल तिच्या घराकडं तोफ फिरवून ठेवणार हाय."

लेकाचं वेगळंच. "आई, डोळे जातील. त्यापेक्षा टीव्ही बघ."

"टीव्ही बघून डोळे येतात का?" मी विचारलं.

तिसरा रणगाडा चांगला उतरला तेव्हा सुनेनं त्याचा फोटो काढला. लातूरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये असल्या छोट्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. विमानं, रेल्वे, जहाजं. तिनं मला न विचारता फोटो पाठवला आणि तिकडून होकार आला. मला तर रडूच फुटलं. सत्तरीत पहिल्यांदा माझ्या हातची एखादी वस्तू लोक टेबलावर ठेवून बघणार होते. माझ्या हातचं तोवर लोकांनी ताटातच बघितलं, आणि ते अर्ध्या तासात संपायचं.

फोटोतला रणगाडा नुसता रंगवलेला होता. माती नव्हती, धुणं नव्हतं. मला मात्र किनवटला बघितलेला रणगाडा करायचा होता. जुन्या धोतराचा मलमलीसारखा विरलेला तुकडा घेतला, पातळ गोंदात बुडवला आणि नखाएवढी बनियन कापली, टॉवेल कापला, चड्डी कापली. ओली असताना दोऱ्यावर टाकली, फुंकर घालून वाऱ्यावर उडाल्यासारखी वळवली आणि तशीच वाळू दिली. मग त्या चड्डीवर निळे पट्टे ओढले. ब्रशचे सगळे केस कापून दोन ठेवले, तेव्हा पट्टा जमला. तीन दिवस मी एक चड्डी रंगवत होते. हसू नका. तुम्ही रंगवून बघा.

लेक म्हणाला, "सगळं झकास झालंय आई, पण ही चड्डी कशाला?"

"होती म्हणून," मी म्हटलं.

राहिली माती. आणि इथं मी माती खाल्ली, दुसरा शब्द नाही. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी दिराकडं निलंग्याच्या बाजूला गावी गेले होते. आमच्या शेताची काळी माती बघितली आणि जीव भरून आला. वाटलं, माझा रणगाडा आहे, माझ्या रानातून चालून आल्यासारखा दिसू दे. पदरात माती घेतली.

दीर बांधावरून बघत होता. "वयनी, माती कशाला? नांदेडला माती न्हाई का?"

"रणगाड्याला लावायचीय, भाऊजी."

"हां! आमच्या दावणीला आता बैल बी न्हाई, आन तुमी रणगाडा पाळला! चारा काय खातो म्हणायचा?"

"मातीच खातो. म्हणून तर न्यायली."

घरी आणून ती पातळ कापडातून चाळली, गोंदात कालवली आणि पट्ट्यांना, चाकांना, दोन्ही बाजूंना थापली. काय दिसला तो! चिखलातून नुकताच वर आलेला. सुनेनं तर हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी गेले आणि चष्मा लावून बघितलं. माती वाळून आवळली होती, उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा, आणि प्रत्येक ढेपळ खालचा हिरवा रंग ओढून घेऊन सुटत होतं. एका बाजूला तर प्लास्टिक उघडं पडलं. एक अख्खा पट्टा चाकावरून निखळला होता.

मला राग कुणाचा आला असेल, तर माझाच. अहो, काळी माती ओली फुगते आणि वाळली की फाटते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरीला माहीत असतं. माझी आई भिंत पोतारायला कधी रानातली काळी माती घ्यायची नाही. गावाच्या पांढरीवरून, पडक्या गढीच्या कडेची पांढरी माती डोक्यावर आणायची. घरावरच्या माळवदावरही तीच. पाऊस पडो, ऊन पडो, ती जागा सोडत नाही. हे सगळं बघत मी वाढले, आणि ऐनवेळी मायेला भुलून काळी थापली. शिवाय किनवटला मी बोट लावून बघितलं होतं ना? ती माती फिकी होती. आपली नव्हती. जे बघितलं ते बाजूला ठेवून जे आवडतं ते लावायला गेले, आणि रणगाड्यानं ते अंगाला लावून घेतलं नाही.

लेक म्हणाला, "आता राहू दे आई. चार दिवसांत काय होणार? कळवून टाकू, तब्येत बरी नाही म्हणून."

"तब्येतीला काय झालंय माझ्या? रणगाड्याची बिघडलीय."

दिराला फोन केला. "भाऊजी, तुमच्या गावच्या गढीची पांढरी माती पाठवा. पायलीभर नको, पेलाभर."

"वयनी, जाऊ द्या आता. लातूरला आपले चार पाहुणे हायेत. म्हातारपणी खेळणी घेऊन बसल्या म्हणतील. हसं व्हईल."

"होऊ द्या. हसणारांना मी चहा पाजीन. माती कधी पाठवताय?"

तोंडानं नाही नाही म्हणत त्यानं दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या ड्रायव्हरपाशी डबा दिला. असा आहे आमचा दीर. चाळणीतून काढलेली ती माती मी बोटावर घेऊन बघितली. हुबेहूब किनवटला बघितलेली ती. पिठासारखी, फिकी. चार दिवस मी खिडकी सोडली नाही. काळी खरवडली, रंग पुन्हा चढवला, पट्टा एकेक कडी जोडून नवा केला आणि पांढरी माती सांदीसांदीत भरली. एकही भेग नाही.

लातूरला एस.टी.नं गेलो, मी आणि सून. मांडीवर पुठ्ठ्याचा खोका. कंडक्टर म्हणाला, "खोका वर ठेवा की मावशी."

"नको. त्यात रणगाडा हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. "सुरू करू नका म्हंजे झालं," म्हणाला आणि पुढं गेला.

हॉल वरच्या मजल्यावर. टेबलांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येकापुढं नावाची पाटी. माझ्याही. मी पाटीवर आधी हात फिरवला, मग खोका उघडला. घरी केलेल्या कांद्याच्या इवल्याशा चकत्या, मिरच्या, झाकणावरची भाकरी, सगळं मांडलं आणि शेवटी दोरी बांधली. लोक जमायला लागले. तेवढ्यात संयोजक आले. चाळिशीचे, कोट घातलेले, बोलायला एकदम मऊ. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, काम फार सुंदर आहे. पण हे काय?"

"धुणं."

"ते दिसतंय. फोटोत नव्हतं. मावशी, आपले प्रमुख पाहुणे सैन्यातले निवृत्त अधिकारी आहेत. त्यांना काय वाटेल? रणगाड्यावर अशी... म्हणजे अंतर्वस्त्रं. सैन्याचा अपमान होतो हो. तेवढं काढून ठेवा. रणगाडा मग पहिल्या रांगेत ठेवतो."

मी म्हटलं, "साहेब, तुमचा कोट कोण धुतं?"

"आँ?"

"तुमचा शर्ट कोण धुतं घरी? ती दोरीवर टाकते तेव्हा तुमचा अपमान होतो का? सैन्यातली लेकरं काय धुतलेले कपडे घालून जन्माला आली का? चार-चार जण त्या लोखंडाच्या खोलीत राहतात, तिथंच खातात, तिथंच वाळत घालतात. मी डोळ्यांनी बघितलंय. ज्याची चड्डी हाय त्याला मी स्वतः म्हटलंय की, वाळू दे. आता त्याच्या माघारी मी काढू?"

"मावशी, भावना समजते. पण मग टेबलावर ठेवता येणार नाही. एवढंच सांगतो."

सूनही हळूच म्हणाली, "आत्या, दोन तासांचा तर प्रश्न आहे. पाहुणे गेले की परत लावू. एवढ्या लांब आलोय..."

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझंही मन एकदा पाटीकडं गेलं. पहिली रांग म्हणाले होते ते. पण चारच दिवसांपूर्वी बघितलेलं सोडून भलतं काही लावलं, त्याचं काय झालं होतं ते मी विसरले नव्हते. दोन तासांसाठी काढलं असतं तर मी लोकांना सव्वीस जानेवारीचा रणगाडा दाखवला असता. तो दाखवायला माझी काय गरज? तो सगळ्यांनी बघितलेलाच आहे.

"उचल," मी सुनेला म्हटलं. "खोका तू घे. रणगाडा मी घेते."

"कुठं, आत्या?"

"बाहेर. घरी नव्हं, बाहेर."

जिन्याच्या वळणावर एक सपाट जागा होती. तिथं पिण्याच्या पाण्याचे जार ठेवले होते आणि शेजारी एक बाकडं. मी पदरानं बाकडं पुसलं, रणगाडा ठेवला आणि पलीकडं बसले. गुडघे ओरडत होते, मी त्यांना गप केलं. संयोजकांनी एकदा वरून बघितलं. मी पण बघितलं. इथून उठवायचं तर पाण्याचे जारही उठवावे लागले असते. ते आत गेले.

आता पाणी तर सगळ्यांनाच लागतं. जो वर जाईल तो पेला भरायला थांबायचा आणि पेला तसाच हातात राहायचा. "अय्या, चड्डी बघ!" एक बाई ओरडली आणि नवऱ्याला ओढत आणलं. "ती मिरची आहे का हो?" "भाकरी कशाची?" मी सांगत होते. भाकरी पुठ्ठ्याची, मिरची झाडूच्या काडीची. घसा बसला सांगून सांगून, पाणी हाताशीच होतं.

थोड्या वेळानं कॉलेजचा वॉचमन आला. उंच, पिकलेल्या मिशा, खाकी शर्टाची इस्त्री कडक. मला वाटलं, उठवायला पाठवला. मी सावरून बसले. पण तो नुसता जवळ आला. चष्मा लावला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि बघतच राहिला.

"माय," शेवटी म्हणाला, "ह्ये चूक हाय."

"तुम्हाला पण चड्डी सलतीय का?"

"चड्डी बराबर हाय. गाठ चुकली." त्यानं नळीकडं बोट केलं. "तुमी निरगाठ मारली. आमी नळीला निरगाठ कंदीच मारत नव्हतो. मी रणगाड्यावर गोळे भरायला हुतो, माय. हुकूम कवा यील त्याचा भरोसा न्हाई. यका झटक्यात दोरी सुटली पायजे. न्हाई तर चड्डी फडफडवत जावं लागतंय साऱ्या पलटनीम्होरं." आणि मिशीतल्या मिशीत हसला. "आमच्यातला यक गेलाबी हुता तसा."

बरोबर आहे की! बैलाला आपण सुरगाठच मारतो, गोठ्याला आग लागली तर एका हिसक्यात सुटावा म्हणून. जन्म गेला बैलं बांधण्यात आणि रणगाड्याला मी निरगाठ मारली.

"चष्मा द्या तुमचा," मी म्हटलं. "माझा लांबचा हाय."

त्याचा चष्मा लावला, सुनेनं मोबाइलचा उजेड धरला आणि मी चिमट्यानं ती केसाएवढी गाठ सोडली. वॉचमन कानाशी सांगत होता, "असं घ्या... आता घडी घाला दोऱ्याची... घडी आत सरकवा... वडा हळूच." तिसऱ्या खेपेला सुरगाठ बसली. मी मान वर केली तर भोवती पंधरा-वीस माणसं श्वास धरून उभी. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

पाहुणे आले तसे गेले. त्यांना पलीकडच्या जिन्यानं नेलं म्हणतात. त्यांनी माझा रणगाडा बघितला असता तर ते काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यायचंही नाही.

दुपारी संयोजक खाली आले. कोट काढून हातावर घेतला होता. "मावशी, चला, आत या. लोक वर येऊन विचारतात, धुण्यावाला रणगाडा कुठंय म्हणून."

"आणि धुणं?"

त्यांनी दोरीकडं एकदा बघितलं. "राहू द्या."

"मग टेबल इथं आणा," मी म्हटलं. "चादरीसकट. आणि पाटी. माझे गुडघे आता परत वर चढत नाहीत."

त्यांनी वॉचमनकडं बघितलं. वॉचमन छताकडं बघत होता. मग दोघांनी मिळून टेबल जिन्यावरून खाली आणलं. एक पाय थोडा लंगडा होता, त्याखाली संयोजकांनी स्वतः कागदाची घडी घातली. मी रणगाडा उचलून चादरीवर ठेवला आणि पाटी जरा पुढं सरकवली.

संध्याकाळी सगळे आवरायला लागले. सुनेनं खोका उघडला. वॉचमन दार लावायला आला होता, तो म्हणाला, "माय, जायच्या आदी वडून बगा की."

दोऱ्याचं मोकळं टोक चिमट्यात धरलं आणि ओढलं. दोरी एका झटक्यात सुटली, बनियन, टॉवेल, चड्डी सगळं घेऊन. धुणं वाळलं की काढतातच. मी ते काडेपेटीत ठेवलं, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत रणगाडा ठेवून परत वाळत घातलं. सुरगाठ मारून.